गुळाच्या ढेपेवर मोटारसायकल

मी बी. ए. झालो तो माझ्या मामांमुळे. गूळ करपल्याचा वास आला की आजही ते आठवतात. फौजेतून परतलेले मामा मला मोटारसायकलवरून सांगलीला परीक्षेला नेत होते आणि वाटेत मागचे चाक पंक्चर झाले. स्टँड आधीच मोडलेला, पेपरची वेळ जवळ आलेली. बाजूच्या गुऱ्हाळातून गुळाची ढेप आणून आम्ही इंजिनाखाली टेकवली. तापलेल्या इंजिनाने ती वितळली आणि गाडी कलंडू लागली. मामांनी वाकून खाली पाठ लावली. "काढ चाक." "आवं मामा, नट हलंना." "परीक्षा तुझी हाय रं, पाठ माझी. सावकाश फिरव." त्यांचे पाय थरथरत होते, माझ्या घामेजल्या हातातून पाना निसटत होता. चाक निघाले, गुऱ्हाळातल्या गड्यांच्या मदतीने पंक्चर काढले आणि पेपरला कसाबसा पोचलो. मामांना मात्र सरळ उभे राहता येईना. निकालादिवशी मी त्यांना पत्रात एवढेच लिहिले, "मामा, आपण पास झालो. पाठ कशी आहे?"