पुस्तकात नसलेलं पान

अलीकडे मी वाचते ती पुस्तकं मनात नीट वेगळी राहत नाहीत. गेल्या महिन्यात तीन वाचली. एका कादंबरीत घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा आहे, दुसरीत धरणाखाली गेलेल्या गावातल्या दोन बहिणी आहेत, आणि तिसरं एका नर्सबाईंचं आत्मकथन. आता मला पक्कं आठवतं की नर्सबाई आपलं बंद पडलेलं घड्याळ त्या म्हाताऱ्याकडे घेऊन आल्या होत्या आणि दुकानात धाकटी बहीण बसली होती. असं कुठेही छापलेलं नाही. नवरा म्हणतो, वय झालं. वयाचा काही संबंध नाही. पुस्तकात नसलेलं वाचायची खोड मला तिशीतच लागली, आणि कशी लागली तेही मला ठाऊक आहे.

नव्वदच्या दशकातली मधली कुठलीशी थंडी होती. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचन बंद केलं. दुसऱ्या डोळ्यानंसुद्धा नाही. त्यांना हे उपासापेक्षा कठीण. आठवड्याला चार पुस्तकं त्यांना लागायची. लहरीपुऱ्यातून साड्यांच्या दुकानांकडे ढुंकूनही न बघता थेट ग्रंथालयाच्या मराठी विभागात जाणारी बडोद्यातली ती एकमेव बाई असावी. तेव्हा वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

आता आमच्या घराची एक रीत सांगायला हवी. घरातले आजे-पणजे संस्थानात कारभारी. दरबारात सरळ बोलायची सोय नसणार, ती सवय घरात मुरली. आमटी बिघडली तर माझे कैलासवासी सासरे मला काही म्हणायचे नाहीत. आज मांजर उपाशी राहणार, असं मांजराला सांगायचे. कुणाला काही हवं असलं की ते शेजारी, पाहुणे नाहीतर मांजर यांच्या तोंडून यायचं. मी चांगल्या तोंडाळ घरातून आलेली, पण सात वर्षांत मीही तशीच झाले होते.

आणि नेमकं तेव्हाच मला काहीतरी सरळ विचारायचं होतं. सावली गावाच्या रस्त्याला नवेनवे कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकाच्या ऑफिसात मी गुपचूप अर्ज केला होता आणि ऑपरेशनच्या दोन दिवस आधी बोलावणं आलं. सकाळी साडेसातला कंपनीची बस, संध्याकाळी सहाला परत, महिन्याच्या आत कळवा. मुलगी पाच वर्षांची, साडेबाराला शाळेतून यायची. म्हणजे सगळं सासूबाईंवर. नवरा म्हणाला, आईला विचार, आणि पेपरामागे गेला. मला ती नोकरी फार हवी होती. किती हवी होती हे कबूल करायलासुद्धा मी घाबरत होते.

दुपारी मुलगी झोपली की आम्ही दोघी हिंचक्यावर बसायचो. आमच्याकडे झोपाळ्याला हिंचकाच म्हणतात. सासूबाई काळा चष्मा लावून मागे टेकायच्या, मी पायानं हलका झोका द्यायचे आणि वाचायचे. पहिली आली ती दीपगृहावर राहणाऱ्या कुटुंबाची कादंबरी. गोष्ट अशी काही नव्हतीच. दिवा लावायचा, विझवायचा, बोटीची वाट बघायची. पण हिंचक्याच्या कड्या कुरकुरायच्या, ऊन फरशीवरून हळूहळू भिंतीकडे सरकायचं, आणि दहाबारा पानांनंतर वाचतंय कोण हेच मला कळेनासं व्हायचं. बडोद्यात समुद्र नाही. विश्वामित्री नदीला हिवाळ्यात धड पाणीही नसतं. तरी त्या आठवड्यात भांडी घासताना मला लाटा ऐकू यायच्या आणि हात खारट लागायचे. सासूबाई एकदा जेवताना म्हणाल्या, आज वारा फार आहे. पान हलत नव्हतं.

मग त्यांनी एक आत्मचरित्र आणायला सांगितलं. अगदी नाव घेऊन. जंगलखात्यातल्या कारकुनाच्या बायकोनं लिहिलेलं. भाषा सुरेख, सागाच्या फुलांचा, ओल्या लाकडाचा वास पानापानाला. पण बाई स्वतःबद्दल लिहायला बसते आणि नवऱ्याच्या बदल्या लिहिते. अकरा बदल्या, अकरा स्वयंपाकघरं. शिकायची फार इच्छा होती, असं एक वाक्य येतं आणि पुढच्या वाक्यात लगेच सामानाची बैलगाडी. मला तिचा राग यायचा. एवढं चांगलं लिहिता येतं आणि तोंड उघडता येत नाही? तिच्यावर चिडून मी मोठमोठ्यानं वाचायचे, आणि सासूबाई हळू वाच म्हणायच्या.

कळवायला आठवडा उरला होता. त्या दुपारी एक प्रकरण संपलं आणि खाली अर्धं पान कोरं होतं. मी थांबलेच नाही. त्याच लयीत, त्याच आवाजात पुढे वाचत राहिले. त्या बाईला तालुक्याच्या शाळेतून नोकरीचं पत्र येतं. जाऊ का, असं सासूला विचारायला ती तीनदा माजघरात जाते आणि तीनदा ताकाचं भांडं घेऊन परत येते. तिला कुणी अडवलेलं नसतं, पण जीभ उचलत नाही. मग ती चुलीपुढे बसून रडते. ओघात मी तिला सकाळी साडेसातच्या बससाठी चार रस्त्याच्या चौकातही उभी केली, बैलगाडीच्या काळात, भर जंगलात. वाचताना मला काही खटकलं नाही. ते पान माझ्या डोळ्यांना खरंच दिसत होतं.

 डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली, एवढंच सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बसल्याबरोबर त्यांनी कालचं शेवटचं पान परत वाचायला सांगितलं.  कोऱ्या कागदाकडे बघत, आठवेल तसं मी पुन्हा रचलं. ताकाचं भांडं आलं, बस आली.

“काल ती रडली होती,” त्या म्हणाल्या. “आज नाही रडली.”

मी घाईनं पान उलटलं.

“हे पुस्तक मी दोनदा वाचलंय गं. त्या जंगलात बस नाही. आणि ती बाई शेवटपर्यंत कुणाला काही विचारत नाही. म्हणून मला ते कधी आवडलं नाही. कालचं पान मात्र आवडलं.”

मग कळलं ते असं. पोस्टमननं ते पाकीट त्यांच्याच हातात दिलं होतं, कंपनीचं नाव वर ठळक छापलेलं. त्यांनी ते माझ्या पलंगावर ठेवलं आणि मी कधी बोलते याची वाट बघत राहिल्या. मी बोलेना, तेव्हा न आवडलेलं पुस्तक मुद्दाम मागवलं. ती मुकी बाई ऐकून तरी मला कंठ फुटेल, असा त्यांचा हिशेब. मुलीचं दुपारचं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. डोळा बरा होईपर्यंत शेजारच्या बेन तिला रिक्षातून उतरवून घेणार होत्या, पुढे त्या स्वतः. म्हणजे शेजारणीला माझ्या आधी सगळं ठाऊक होतं. मला हसू आलं आणि रागही आला. तीन आठवडे माझा जीव टांगणीला लावला होता.

“मग तुम्हीच का नाही विचारलंत मला?”

 हिंचका आपोआप थांबला.

“मला कधी कुणी विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. “कसं विचारतात ते कुठून येणार?”

त्यात तक्रार नव्हती, हेच मला सोसवेना. मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच कुणाला त्याच्या मनातलं सरळ विचारलं.

“आई, तुम्हाला काय करायचं होतं?”

त्यांनी काळ्या चष्म्याआडून माझ्या दिशेला मान वळवली. ओठ हलले, परत मिटले. कपाटात ठेवलेली वस्तू शोधावी तशा त्या आत कुठेतरी शोधत होत्या. मीही थांबले. घाई नव्हती, मुलगी झोपली होती.

“काहीतरी होतं खरं,” त्या शेवटी म्हणाल्या. “नक्की होतं गं. पण आता आठवत नाही.”

डॉक्टरांनी त्यांना रडायची मनाई केली होती, टाके ओले होते. त्या हनुवटी वर करून, आढ्याकडे तोंड धरून बसून राहिल्या. मला मनाई नव्हती. दोघींचं मीच रडले.