न भिजणारं भिंग

शाहूवाडीकडच्या माहेरी करवंदं काढताना जाळीतली फांदी सुटली आणि काटा माझ्या उजव्या डोळ्यात गेला. जखम भरली, पण आतलं भिंग दुधासारखं पांढरं झालं. एकोणीसशे पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती. माझं नुकतंच लग्न झालं होतं, आम्ही मंगळवार पेठेत राहत होतो आणि मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. एका डोळ्यानं अंतर कळेना. चहा कपाबाहेर सांडायचा, जिन्यावर पाय चुकायचा.

विलायतेहून शिकून आलेल्या डॉक्टरांकडे थोरला भाऊ मला घेऊन गेला.

"मोतीबिंदू काढून जाड चष्मा दिला, तर या डोळ्याला सगळं मोठं दिसेल, दुसऱ्याला आहे तेवढंच. मेळ बसणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तिकडे आता डोळ्याच्या आतच प्लॅस्टिकचं भिंग बसवून बघतात. माझ्याकडे एक आहे."

भाऊ ताडकन उठला. "डोळ्यात प्लॅस्टिक घालत्यात व्हय? आन् आत कुजलं म्हंजे?"

"कुजणार नाही. माझी भीती वेगळी आहे."

त्यांनी एक स्वच्छ काच आणि त्याच प्लॅस्टिकचा तुकडा शेजारी ठेवून दोन्हींवर पाण्याचा थेंब सोडला. काचेवर थेंब पसरला. प्लॅस्टिकवर मात्र तो फुगून बसला, पसरायचं नाव घेईना.

"डोळ्याच्या आत सगळं ओलं असतं. हे नीट भिजत नाही. सूज आली की आतला चिकटा अशाच पृष्ठभागाला धरतो, असं मला वाटतं. पण खात्रीनं सांगण्याइतकं अजून कुणालाच ठाऊक नाही."

"न्हाय करायचं," भाऊ म्हणाला. घरी नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, तूच ठरव. शेवटी मीच होकार दिला.

ऑपरेशनच्या वेळी मी जागी होते. दुखत नव्हतं, पण डोळ्यात काहीतरी सरकवलं जातंय हे समजत होतं. मी ओरडू नये म्हणून ओठ चावून धरला. नंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही. त्या काळोखात मला सारखा तो फुगलेला थेंब दिसायचा. डोळा ठणकायला लागला की वाटायचं, धरलाच चिकटा.

"रडू नगंस," भाऊ उशाशी बसून म्हणायचा.

पट्टी सुटली तेव्हा उजव्या डोळ्यानंही मला डॉक्टरांच्या कोटाचं बटण स्पष्ट दिसलं. मी हसले. पण थोड्याच दिवसांत डोळा लालभडक झाला आणि समोर धुकं उतरलं. डॉक्टरांचा चेहरा पडला.

"सूज उतरली नाही तर भिंग काढावं लागेल. नाहीतर अशी सूज चांगल्या डोळ्यातही उठू शकते."

दोन्ही डोळे जाणार, हे तोपर्यंत माझ्या मनातच आलं नव्हतं. औषधाचे थेंब नवरा घालायचा, एकेक मोजून.

सूज हळूहळू उतरली. भिंग आतच राहिलं. धुकंही थोडं राहिलं. त्या डोळ्यानं वाचता येत नाही, पण जिना उतरता येतो. असं भिंग बसवून घ्यायला आलेल्या पुढच्या रुग्णाला मात्र डॉक्टरांनी थांबायला सांगितलं.

अजूनही सकाळी उठल्यावर मी डावा डोळा हातानं झाकते आणि खिडकीचे गज दिसतात का ते बघते.