अण्णाची बोली

अण्णा गेल्याचा निरोप कसबा बावड्याला माझ्या सासरी रज्जाकभाईंनी आणला. सायकल दाराशी लावून नुसतं म्हणाले, "अक्का, चला." ज्या माणसाला आमच्या घरानं दारातूनच परत पाठवलं होतं, त्यालाच हा निरोप घेऊन यावं लागलं... त्या दिवशी खाली गेलेली मान अजून वर येत नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. गुळाच्या बाजारात सौदे पुकारायचा. बोली अशी सुरात ओढायचा की फाटकाबाहेर ऐकू यायची. घरातही तेच. वैनीकडं चहा मागितला तरी गल्लीला कळायचं. अशा माणसाचं डोकं दुखायला लागलं, मग शब्द अडायला लागले. मुंबईला ऑपरेशन झालं. मेंदूत कॅन्सरची गाठ होती, ती पुरती निघाली नाही. घरी आला तो उजवा हात लुळा आणि वाचा गेलेली. समजायचं सगळं. बोलायला जायचा, नुसतं "अं... अं..." यायचं, आणि डाव्या हातानं स्वतःच्याच मांडीवर मारून घ्यायचा.

तिथल्या एका तरुण डॉक्टरनं वैनीला सांगितलं होतं, "गाण्यानं गाठ जाणार नाही. पण त्यांना गायला लावा. बोलणं गेलेल्यांना कधीकधी सुरात शब्द सापडतात. जिवालाही बरं वाटतं." म्हणून शेजारचे रज्जाकभाई संध्याकाळी पेटी घेऊन येऊ लागले. ते लग्नाच्या बँडात वाजवायचे. आम्ही बजावलं, भजनंच वाजवा, लिंगायताचं घर हाय. अण्णा डोळे मिटून ऐकायचा, कपाळावरची आठी जायची, झोपही लागायची. शब्द मात्र येईना. एकदा रज्जाकभाईंनी पेटीचा एकच सूर धरून ठेवला, आणि त्यावर अण्णानं बाजारातली हाळी दिली... "एकवार!" अगदी खणखणीत. वैनी तव्यावरची भाकरी टाकून बाहेर आली. मग त्याच चालीत "पाणी" आलं, "चहा" आला, लेकीचं नाव आलं, "शैला." आम्ही रडलो, हसलो. आणि खिडक्या लावून घेतल्या. घरात बाजार भरलाय म्हणतील लोक, ही भीती.

त्याच सुमारास शिरोळचे गुऱ्हाळवाले पावणे शैलाला बघायला आले. अण्णाला आतल्या कॉटवर निजवलं होतं, दार उघडं होतं. पोरगी पसंत पडली. पावण्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, "मग, मुलगी दिली म्हणायची?" आमचे काका बोलायच्या आत आतून अण्णा गरजला, "एकवार... दोनवार... तीनवार... दिली!"

शैला चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी. बापानं लेकीचा लिलाव मांडला, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. लाजेनं मेल्यागत झालं. काकांनी उठून अण्णाच्या तोंडावर दार ओढलं आणि पावण्यांपुढं हात जोडले, "त्यांचं डोकं ठिकाणावर न्हाय. झालं गेलं इसरा, ह्यो इषय हितंच सोडूया." पावणे चहा न घेताच उठले. आम्हीही काकांना अडवलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी रज्जाकभाई आले, तर काकांनी उंबऱ्यावरूनच सांगितलं, "पेटी आता नगं." अण्णानं पुन्हा तोंड उघडलं नाही. पाणीसुद्धा बोटानं मागायचा. तसाच गेला.

गेल्या आठवड्यात शिरोळचे पावणे समाचाराला आले. त्याच खोलीत, कॉटशेजारी बसले. मग म्हणाले, "सोयरीक तुमी मोडलासा, म्हणून आमी गप बसलो. आमी जल्मभर त्यांच्या सौद्याला गूळ घातलाय की. त्यांनी तीनवार करून दिली म्हटलं की कुणी माघारी फिरत न्हाय. मी इचारलं, बापानं उत्तर दिलं. त्यात डोकं कुठं बिघडलंवतं?"

आमच्यात कुणाला वर बघवेना. लेक द्यायची तर बापानं 'दिली' म्हणायचं असतं. अण्णानं तेच म्हटलं होतं, त्याच्यापाशी उरली होती त्या एकाच चालीत. पावण्यांना ते कळलं. पाठच्या बहिणीला कळलं नाही... काय तोंड घेऊन सांगू हे कुणाला?

"पोरगी आमी घेतली," पावणे म्हणाले.

वैनी उठली. रिकाम्या कॉटपाशी गेली, आणि कधी मोठ्यानं न बोलणारी ती बाई गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "ऐकलासा का? घेतली म्हणत्यात."