नायिकेच्या मागे इस्त्री करणारे काका

इस्त्रीवाल्या काकांना नाचता येत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. समारंभात गाणं लागलं की हे चपला शोधायला लागायचे. काकूंनी हात धरलाच तर म्हणायचे, "अगं, माझे पाय लाकडाचे आहेत." आणि काकूंना तर नाचाचं केवढं वेड! सिनेमात भर रस्त्यात माणसं नाचायला लागली की या चुलीवरचं दूध विसरायच्या. आता लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. तेव्हा तरी नवऱ्यानं एकदा आपल्याबरोबर नाचावं, एवढीच त्यांची इच्छा. पण काका कसले ऐकतात!

वर्षभरापूर्वी काकू बहिणीकडे गेल्या असताना सिनेमावाल्यांनी नेमकं त्यांच्याच गल्लीत गाणं चित्रित केलं होतं. दिग्दर्शकानं काकांना बजावलं, "इकडे बघू नका, नेहमीसारखं काम करा." काकांनी मान खाली घालून इस्त्री केली. त्यांच्या दुकानात रेडिओ कधीच नव्हता, गाण्याच्या नादात कापड जळतं म्हणून. त्या दिवशी मात्र भोंग्यावर तेच गाणं दिवसभर वाजत होतं.

लग्नाच्या आठवड्यातच सिनेमा लागला आणि गल्ली थिएटरात लोटली. पडद्यावर नायिका गिरक्या घेतेय आणि मागे आमचे काका! इस्त्री तालावर पुढे-मागे, कंबर डावी-उजवी, शर्ट उलटताना तर चक्क गिरकी. नायिकेकडे बघतंय कोण? लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. काकूंचे डोळे मात्र भरून आले.

"इतकी वर्षं मला बनवलंत होय?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

"शप्पथ, मला माहीतच नव्हतं," काका कावरेबावरे होऊन म्हणाले. "हातात काम असलं की पायांकडे कोण बघतं?"

काकू चहा ठेवायला उठल्या. काकांना वाटलं, सुटलो.

लग्नात गाणं सुरू झालं तसे काका दाराकडे सरकले. काकूंनी त्यांना अडवलं आणि पिशवीतून वायर गुंडाळलेली जुनी इस्त्री काढून हातात दिली. "थंड आहे. धरा."

आधी मनगट हललं. मग खांदा. मग ते लाकडाचे पाय असे सुटले की व्याही हातातलं ताट विसरले. काकू समोर नाचत होत्या, हसत होत्या आणि मधेच डोळे पुसत होत्या.

गाणं संपलं तेव्हा काकांचे दोन्ही हात काकूंच्या हातात होते. इस्त्री केव्हाची खुर्चीवर पडली होती. ती आपण कधी ठेवली हे काकांना कळलंच नव्हतं, आणि काकूंनीही ते सांगितलं नाही.