पाचवा शिक्का

कचेरीत तिला सगळे शिक्केताई म्हणत. तिचं खरं पद नोंदणी सहायक, पण ते फक्त तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राला ठाऊक होतं.

लढाई संपल्यावर एका बंद पडलेल्या शाळेत ही कचेरी सुरू झाली. लोक येऊन जबानी देत, लिहिणारे लिहून घेत आणि कागद शिक्केताईच्या टेबलावर येई. तिने तो वाचायचा, कोपऱ्यात गुन्ह्याचा शिक्का मारायचा आणि गठ्ठ्याला लावायचा. नियम साधा होता: एका कागदाला एकच शिक्का, जो गुन्हा सगळ्यांत मोठा त्याचा. मोजायला सोपं. गठ्ठे परदेशातल्या मोठ्या न्यायालयात जात. हुकूम देणाऱ्या सेनाधिकाऱ्यांवर तिथे खटला उभा राहणार होता.

पेटीत पाच शिक्के होते. खून, जाळपोळ, लूट, हाकलून देणं, आणि पाचवा बायकांवरच्या अत्याचाराचा. तीन वर्षांत पहिल्या चारांच्या मुठी तिच्या हाताने गुळगुळीत झाल्या. पाचव्याच्या रबराला शाईच लागली नव्हती.

"ह्याला जावयासारखा बसवून ठेवलायस गं," झेरॉक्सवाले काका म्हणत. "काही कामच सांगत नाहीस." ती हसायची.

एका सोमवारी त्या न्यायालयाच्या वकीलबाई आल्या. दुपारपर्यंत त्यांनी गठ्ठे चाळले आणि मग चष्मा काढला.

"अकराशे कागद. त्यातले सहाशे बायकांचे. आणि पाचवा शिक्का एकावरही नाही?"

"तसं कोणी सांगितलंच नाही, मॅडम."

"कोणी विचारलं होतं?"

शिक्केताईने प्रश्नांचा छापील नमुना पुढे केला. घरातलं कोण गेलं? घर जाळलं का? काय काय नेलं? कुठे हाकललं? त्याखाली सहीची जागा.

वकीलबाईंनी त्या सहीच्या जागेवर बोट ठेवलं. "शुक्रवारी आरोपपत्र पक्कं होतंय. त्यानंतर आरोप वाढवून मिळेलच असं नाही. पुन्हा वाचा. शंका येईल तिथे त्या बाईला विचारा. तिने हो म्हटलं तरच लिहायचं."

शिक्केताई वाचायला बसली. चारशे बारा नंबरचा कागद वहिनीचा होता. घरात त्याला 'दादाचा कागद' म्हणत. 'सकाळी माझ्या नवऱ्याला अंगणात गोळी घातली. मला आत नेऊन दार लावलं. दिवस मावळताना ते गेले. मग मी नवऱ्यावर चादर घातली.'

तीन वर्षांपूर्वी ती 'चादर' या शब्दाशी रडली होती आणि डोळे पुसून तिने खुनाचा शिक्का मारला होता. अगदी सरळ बसला होता तो. आज रडू आलं नाही. सकाळ आणि मावळतीच्या मध्ये एक दार होतं, एवढंच तिला दिसत राहिलं. तिने पुढचा कागद घेतला, मग त्याच्या पुढचा. पाच वाजता पेटीला कुलूप लावलं आणि घरी गेली.

दोन खोल्यांच्या त्या घरात दोघीच राहत. वहिनी इस्पितळाच्या धुलाईखात्यातून नुकतीच आली होती. ती मटार सोलत होती.

"वहिनी, तुझा कागद पुन्हा वाचला."

"ह्यांचा?"

"तुझा."

मटार सोलणारी बोटं थांबली नाहीत.

"दार लावल्यानंतरचं मी विचारत नाही," शिक्केताई म्हणाली. "पण तुला लिहवून द्यायचं असेल तर शुक्रवारपर्यंत देता येईल. नाव बाहेर जात नाही."

"तेव्हा तुम्हाला कळलं नव्हतं का, वन्सं?"

"कळलं होतं की नव्हतं, तेच आता कळत नाही. शिक्का मात्र लगेच मारला."

वहिनीने एक किडकी शेंग बाजूला टाकली. "म्हणजे आता खुनाचा पुसणार?"

"का?"

"एका कागदाला एकच शिक्का. जेवताना तुम्हीच सांगायचात की. माझा मारला तर ह्यांचा जाईल. ह्यांच्या बाजूने बोलायला दुसरं कोण आहे? 'दार लावलं' एवढं लिहून तो लिहिणारा थांबला होता. बघत बसला माझ्याकडे. मीच म्हटलं, पुढे लिहा, चादर."

 शिक्केताईही खाली बसली आणि मटार सोलू लागली. वाटी भरली तरी दोघी उठल्या नाहीत.

मंगळवारी तिने वकीलबाईंना गाठलं. "एका बाईचे दोन कागद चालतील?"

"दहासुद्धा चालतील. न चालायला काय झालं?"

"आमचा नियम आहे."

"कुणी केलाय?"

ते कुणालाच आठवेना.

बुधवारी वहिनी धुलाईखात्यातून अर्धी रजा काढून कचेरीत आली. लिहून घ्यायला एक बाई बसल्या होत्या. वहिनीची एकच अट होती. दार उघडं ठेवायचं. मग काकांनी झेरॉक्सचं मशीन बंद केलं, सगळ्यांना व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पिटाळलं आणि स्वतःही तिकडेच जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पाऊण तासाने कागद टेबलावर आला. शिक्केताईने तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग पाचवा शिक्का शाईत बुडवला.

"आधी ह्यांचा दाखवा," वहिनी म्हणाली.

तिने चारशे बारा काढून दिला. वहिनीने कोपऱ्यातल्या खुनाच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं, बोटाला शाई लागते का पाहिलं. नाही लागली.

"हं. मारा आता."

रबर वाळून कडक झालं होतं. अर्धीच अक्षरं उमटली. शिक्केताईने शिक्का पुन्हा शाईत दाबला, त्याच जागेवर ठेवला आणि उभं राहून दोन्ही हातांनी जोर दिला. वहिनीने कागदाची कड धरून ठेवली होती, हलू नये म्हणून.