दाजींनी हात सोडला

दाजींनी मला फसवलं. पाण्यात एकमेकांचा हात सोडायचा नाही, ही अट त्यांनी घातली, मी पाळली आणि मोडली त्यांनीच. वर गावभर सांगितलं की मेहुणा माशाला भिऊन बोंबलला. आजही बाजारात कुणीतरी विचारतोच, "शेठ, मासा केवढा हुता वं?" आणि बाकीचे तोंड फिरवून हसतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जामखेडचे, जनावरांचे दलाल. सोनईत आज मला लोक शेठ म्हणतात, पण हा धंदा मी शिकलो त्यांच्या मागं फिरून. ते सांगत, "आधी दात बघायचं, मग बाकीचं." दात पाहून जनावराचं वय सांगायचे आणि ते चुकायचं नाही. अक्काला बघायला आले तेव्हा दारात मी उभा होतो, शाळकरी पोर. पाणी घेण्याआधी मला म्हणाले, "आ कर." मी केला. "घर खातंपितं हाय," असं आपल्या वडलांना सांगून ते आत गेले.

सौद्यात त्यांचा हात बघण्यासारखा असे. म्हणजे तो दिसतच नसे. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली दोघांचे हात जातात, बोटं धरून आकडा सांगतात आणि वर गप्पा चालतात पाऊसपाण्याच्या. दाजी समोरच्याला पोराबाळांची खुशाली विचारत आणि खाली त्याला घाम फोडत. माझा तापट स्वभाव त्यांना पसंत नव्हता. "मेव्हनं, तोंडानं कितीबी बोंबला, बोटं शांत ठिवा. मानूस तोंडानं खोटं बोलतो, बोटानं न्हाई."

भाचीनं मालदीवची सहल ठरवली तेव्हा मी हसलो होतो. दाजींचा पाण्याशी संबंध टँकरपुरता. विहिरीच्या काठावर उभं राहायची वेळ आली की ते चार पावलं मागं सरकत. पण भाचीनं मोबाईलवर व्हेल शार्क दाखवला, मालट्रकएवढा, अंगभर पांढरे ठिपके. दाजींनी मोबाईल हातातून सोडला नाही. "एवढं जनावर हाय आन् आपुन बघितलं न्हाई?" झालं. विमानात ते बसून राहिले नाहीत. चार वेळा उठले, हवाई सुंदरीनं चार वेळा बसवलं.

बोटीवर मात्र त्यांचा चेहरा उतरला. तोंडात नळी, डोळ्यांवर काच, अंगात फुगीर जाकीट. मिशीमुळं काचेत पाणी शिरेल, म्हणून आम्हाला पाण्यात नेणाऱ्या तिथल्या माणसानं मिशी काढायला सुचवली. भाचीनं हे मराठीत सांगितलं.

"त्याला म्हनावं, मासा नको पन मिशी ऱ्हाऊ दे," दाजी म्हणाले.

शेवटी मिशीला व्हॅसलीन थापलं. मग त्यांनी दातांचा विषय काढला. "दात कसं हायेत त्याचं? बघितल्याबिगर मी उतरत न्हाई."

"बाबा, तो चावत नाही. दात तांदळाएवढे आहेत."

"म्हंजी म्हातारं हाय?"

अक्का बोटीत डोळे मिटून बसली होती. ती तशीच म्हणाली, "तुमच्याहून तरनं असंल. उतरा आता, न्हाईतर घरी चला."

तेव्हा दाजींनी मला बाजूला घेतलं. पाण्यात बोलता येणार नाही, म्हणून आम्ही बाजाराची पद्धत लावली. एक बोट दाबलं की ठीक. अख्खा पंजा आवळला की माघारी. "आन् हात सोडायचा न्हाई. सोडला तर नातं तुटलं."

पाण्यात त्यांचा हात थरथरत होता. इतक्या वर्षांत तो हात मी पहिल्यांदाच असा धरला होता. मीही विहिरीतच पोहायला शिकलेला; पायाखाली तळ नाही म्हटल्यावर मीही बोटीकडं वळून वळून बघत होतो. त्यांनी दोनदा पंजा आवळला. मी वळणार, तेवढ्यात खालून तो आला. आवाज नाही, घाई नाही. एवढं मोठं अंग आमच्या खालून सरकत राहिलं, संपेचना. माझ्या हातातली थरथर थांबली. एक बोट दाबलं गेलं. आणि मग हात निसटला.

दाजी त्याच्या मागं निघाले होते. ज्या माणसाला पोहता येत नाही तो पाय झाडत चालला होता, आणि माझी मूठ रिकामी. मी ओरडलो. नळीत पाणी गेलं, ठसका लागला, तरी ओरडलो. "दाजी!"

बोटीवर आणलं तेव्हा ते हसत होते. "जनावर चालीला सरळ हाय," एवढंच म्हणाले. पुढच्याच बाजारात त्यांनी माझ्या बोंबलण्याची गोष्ट करून टाकली. मी चिडलो, चारचौघांत भांडलो. खरं सांगा म्हटलं. "सांगतो की. पळून चाललोय का कुठं?"

यंदा नगरच्या दवाखान्यात सकाळी त्यांच्याजवळ बसलो होतो. बोलणं बंद झालेलं. मी चादरीखाली हात घातला आणि अख्खा पंजा आवळला. माघारी. पुन्हा आवळला. बऱ्याच वेळानं त्यांनी एक बोट दाबलं. मग हात तसाच सैल झाला, तिथं पाण्यात झाला होता तसा.

अक्का म्हणते, गेलेल्या माणसाशी कशाला भांडतोस? भांडणार. मी माशाला भिऊन ओरडलो नव्हतो, हे सगळ्या बाजारात एकट्या त्यांना माहीत होतं. दाजी, अट तुमची होती. मी दोन्ही वेळा धरून होतो. का सोडला, याचा जाब द्या.