मार्थाबाईपर्यंत न पोचलेलं वाक्य

असले चमत्काराचे अनुभव वाचायला मला आवडतात, पण विश्वास म्हणाल तर... शून्य. तीस वर्षं नागपूरजवळच्या सौंसरच्या शाळेत गणित शिकवलं. जामसांवलीच्या मारुतीला बायको दर्शनाला जाते, तेव्हा मी बाहेर चपला राखत बसतो — इतका कोरडा माणूस! तरी हे लिहून पाठवतोय, कारण जे झालं ते माझ्याच बाबतीत झालं. भर सकाळी, पन्नास-साठ माणसांसमोर.

सौंसरच्या बाहेर, संत्र्याच्या बागांना लागून तेव्हा एक लहान कौलारू चर्च होतं. तिथले फादर लुई मूळचे फ्रान्सचे. उंच, थोडे वाकलेले, सायकलवर फिरणारे. मराठी प्रार्थना त्यांना तोंडपाठ, पण स्वतःचं वाक्य जुळवायला गेले की सगळी गडबड. "माझा सायकल पडली, मी पण पडली," असं बोलायचे. लोक हसायचे, तेही हसायचे. म्हणून प्रवचन ते इंग्रजीत करत आणि मी शेजारी उभा राहून वाक्यावाक्याला मराठीत सांगत असे. मी हिंदू, पण इंग्रजी येणारा मास्तर म्हणून मला बोलावलं होतं... आणि त्याची मला ऐट होती, हे कबूल करतो.

खरं म्हणजे माझं इंग्रजी पुस्तकी. फादरचे ते फ्रेंच वळणाचे उच्चार मला अर्धेच कळत. पुन्हा विचारायचं म्हणजे कमीपणा. मग अंदाजाने ठोकून द्यायचो.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मार्थाबाईचा याकूब गेला. मार्थाबाई ही मिशनच्या दवाखान्यातली दाई. विधवा, आणि हा एकुलता एक. तो पांढुर्ण्याला एका दुकानात कामाला होता. सुटीवर घरी आला, चर्चला येणं सोडलं म्हणून आई बोलली, तर भांडून तडक परत गेला. त्याच संध्याकाळी पांढुर्ण्याला लागून असलेल्या सावरगावकडे जाताना जाम नदीच्या पुरात सापडला.

दफनाच्या वेळी मार्थाबाईने फादरचा झगा धरला. "फादर, माह्या पोरानं शेवटी देवाचं नावबी नाही घेतलं. देव त्याले घेईन का?"

फादर तिच्याकडे बघत इंग्रजीत दोन वाक्यं बोलले. पहिलं मला कळलं. दुसरं... नाही कळलं. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी फादरना पुन्हा विचारलं नाही. म्हणालो, "फादर म्हणतात, सांगता येत नाही."

तिच्या हातातून झगा सुटला.

त्यानंतर ती चर्चच्या आवारात आली नाही. दवाखान्यात काम करायची, पण फादर तिच्या घरी गेले की दार लोटून घ्यायची. फादर मला विचारत, "मास्तर, माझं काय चुकलं?" मी म्हणायचो, "दुःख मोठं आहे, निवळेल हळूहळू." आठ वर्षं मी हेच म्हणत राहिलो! माझी दोन्ही मुलं तिच्याच हातची. बाळ आणून माझ्या हातात द्यायची, तेव्हा मला तिच्याकडे बघवत नसे.

मग राज्यांची नवी मांडणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो. कोणाची बदली कुठे होईल, हाच विषय घरोघरी. त्याच हिवाळ्यात फादरचीही बदली आली — थेट बस्तरकडे. पांढुर्ण्याच्या रेल्वेवाल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्यांना शनिवारी निरोप दिला. आमच्याकडे रविवारी सकाळी, मिस्साची प्रार्थना आटोपल्यावर, चर्चच्या अंगणात. झेंडूचे हार, संत्र्यांच्या टोपल्या. भाषणाची नक्कल फादरनी मला आधीच दिली होती. सहा वाक्यं, सगळी आभाराची. मी घरून भाषांतर करून आणलं होतं.

सगळे बसले आणि मला फाटकाबाहेर मार्थाबाई दिसली. आत येत नव्हती, जातही नव्हती. आज नाही सांगितलं, तर नंतर कधीच नाही... पण धीर होईना.

फादर उभे राहिले. मी शेजारी, भाषांतराचा कागद हातात. त्यांनी तोंड उघडलं आणि मी चाटच पडलो. मराठी! आमची, सौंसरची!

"बाप्पा हो, मी आता जाऊन राहिलो. तुमी मले लय सांभायलं. माही बोली मोडकी होती, तरी तुमी ऐकून घेतलं..."

एक चूक नाही, एक अडखळणं नाही. मग ते फाटकाकडे वळले.

"मार्थाबाई, त्या दिवशी मी दोन गोष्टी बोललो होतो. तुमच्यापर्यंत एकच पोचली. पोराच्या मनात शेवटी काय होतं, थे मले नाही सांगता येत. पन त्या पान्यात थो एकटा नव्हता, बाई."

मार्थाबाई फाटकातून आत आली, चार पावलं चालली आणि मातीत बसून मोठ्याने रडली. बायका धावल्या.

बसस्टँडवर फादरनी माझा हात धरला. इंग्रजीत म्हणाले, "मास्तर, आज फार छान ट्रान्सलेशन केलंत. पण माझी सहा वाक्यं, तुमची जास्त झाली! मार्थाबाईचं नाव ऐकलं मी. काय सांगितलंत तिला?"

"मी? फादर, तुम्हीच बोललात. मराठीत."

"मी तर फक्त माझा इंग्रजी कागद वाचला."

तेव्हा मात्र मी सगळं ओकलो — ते दफन, ते न कळलेलं वाक्य, आठ वर्षं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी विचारलं, "फादर, ते दुसरं वाक्य काय होतं हो?"

ते एकेक शब्द सुटा करत बोलले, मला कळावं म्हणून. "त्या पाण्यात तो एकटा नव्हता."

सकाळचंच वाक्य! फादर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "माझं तरी इंग्रजी कुठे चांगलं आहे, मास्तर?" आणि बसमध्ये चढले.

घरी कुसुमला, म्हणजे बायकोला, विचारलं. ती म्हणाली, "काहीतरीच काय! फादरच बोलले. तुम्ही तर कागद धरून गप्प उभे होते."

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मार्थाबाईकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. माझी चूक सांगितली, काही लपवलं नाही. शेवटी मी विचारलं, "बाई, काल नक्की कोण बोललं? फादर की मी?"

"थे मी नाही पाह्यलं, गुर्जी. माहे डोये मिटले होते." तिने सूप बाजूला ठेवलं. "आठ वर्षं तुमीबी हे घेऊन फिरून राहिले होते काय?... बसा. चहा ठेवतो."

ही हकीकत ऐकणारे लोक म्हणतात, गुरुजी, मनावर ओझं होतं, तुम्हीच भानावर नसताना बोलून गेलात. असेलही. पण जे वाक्य मला कळलंच नव्हतं, ते मी बोललो कसं? आणि फादर बोलले म्हणावं, तर आपलं एक वाक्य पोचलंच नाही, हे त्यांना कोणी सांगितलं?

तो चहा मात्र मी प्यायलो. घरी आलो आणि भर दुपारी जो आडवा झालो, तो कुसुमने दिवेलागणीला हलवून उठवलं तेव्हाच जागा झालो.